ठिबक पुरे, जेवणघर दाखवा

इस्रायलच्या शेती दौऱ्यात ठिबक बघून बघून माझे डोळे शिणले. आम्ही यावल तालुक्यातले केळीवाले. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आमच्या दारात बारा महिने पडलेली असतात. नाआन आणि दान या दोन किबुत्झांच्या (किबुत्झ म्हणजे सगळं सामायिक असलेली शेतकरी वसाहत) ठिबक कंपनीत जळगावच्या जैन इरिगेशनने 2007 मध्येच निम्मा हिस्सा घेतला होता, म्हणजे ही वस्तू आता घरचीच. तरी बसमधली मंडळी दिसेल त्या तोटीचा फोटो काढायची, आणि आमचे हे सगळ्यांच्या पुढे. हात्झेरिम किबुत्झने 1965 मध्ये नेताफिम ही ठिबक कंपनी सुरू केली आणि नेगेवच्या वाळवंटात पिकं उभी केली, मान्य. पण तिथली माणसं राहतात कशी, हे कुणी विचारेल तर शपथ.

मृत समुद्रात तरंगून झालं, डोळ्यांत खारं पाणी गेलं, जेरुसलेम धावतपळत उरकलं.

देगानियाला मात्र मी हट्टाने जास्त वेळ मागून घेतला. किन्नेरेत सरोवरातून जॉर्डन नदी बाहेर पडते, तिथे उम्म जुनी नावाच्या अरब वस्तीच्या जमिनीवर 1910 मध्ये दहा पुरुष आणि दोन बायकांनी हा पहिला किबुत्झ मांडला. मालक नाही, मजूर नाही, पगार नाही, जे पिकेल ते सगळ्यांचं. इस्रायलचा पुढे संरक्षणमंत्री झालेला मोशे दायान 1915 मध्ये इथेच जन्मला. पुरुषमंडळी फाटकाजवळच्या 1948 च्या युद्धातल्या सीरियन रणगाड्याला टेकून फोटो काढत राहिली.

आमच्या गाईडबाई स्वतः किबुत्झमध्ये वाढलेल्या, यिझ्रेल खोऱ्यातल्या. वाटेतच होता म्हणून दुपारचं जेवण त्यांच्या किबुत्झच्या जेवणघरात झालं. लांबलचक हॉल, रांगेत टेबलं, प्रत्येक टेबलावर मधोमध स्टीलचं भांडं. अंड्याची टरफलं, काकडीची सालं, हाडकं, सगळं त्यात टाकायचं. त्याला कोलबोयनिक म्हणतात. हे मला फार पटलं. आमच्याकडे ताटाच्या कडेला उष्ट्याचा ढीग रचून वर हात धुणारे कमी नाहीत! जेवण झालं की ट्रे सरकत्या पट्ट्यावर ठेवायचा, तो आपोआप धुवायला आत जातो. शाकाहारींसाठी सॅलड, हुमुस (काबुली चण्याची चटणी) आणि पाव. तिखटाच्या नावाने शून्य. आम्ही आणलेली शेंगदाण्याची चटणी टेबलभर फिरली. दाराशी गल्ला होता. पूर्वी नव्हता, बाई म्हणाल्या. आता सभासदसुद्धा पैसे मोजून जेवतात.

शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून दुभाषीपण माझ्या गळ्यात होतं, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. बाई बालघरात वाढल्या. संध्याकाळी दोन-तीन तास आईबापांकडे, मग परत बालघरात, झोपायला सगळी पोरं एकत्र. रात्री पाळीने कुणीतरी जागं राहायचं. भ्याल्यावर हाक मारली की येणारी बाई आपली आई असेलच असं नाही. (देगानियात म्हणे पोरं पहिल्यापासून घरीच झोपायची.) कपडे सामायिक धोबीघरात जायचे, म्हणून प्रत्येक कपड्यावर घराचा नंबर शिवलेला. त्यांनी पर्समधून एक जुना टॉवेल काढून कोपऱ्यातला नंबर दाखवला. मी विचारलं, "वाईट वाटायचं का?" "दिवसा स्वर्ग होता," त्या म्हणाल्या, "रात्रीचं विचारू नका." 1980 च्या दशकात एकेक किबुत्झ पोरांना रात्री घरी धाडू लागला, 1991 च्या आखाती युद्धानंतर ती चाल जवळजवळ संपलीच.

मला विचाराल तर समान पगार, समान ताट हे सगळं मी सोसेन. झोपलेलं पोर दुसऱ्याच्या हवाली करून घरी जाणं मला जमलं नसतं. त्या बायकांनी ते वर्षानुवर्षं केलं. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

(हा दौरा ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्याआधीचा. बेएरी, नीर ओझ ही गाझाजवळच्या किबुत्झांची नावं तेव्हा आमच्या कानावरही नव्हती.)

परतताना टेकडीवरून नाहलाल दिसलं, 1921 चा मोशाव, चाकासारखा गोल आखलेला. इथे शेत ज्याचं त्याचं, खरेदी-विक्री सोसायटीची. हे मात्र बसमधल्या सगळ्यांना लगेच समजलं.

"मग किबुत्झ मोडले कशाने?" यांनी पहिल्यांदाच तोटीशिवायचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, कर्जाने. 1980 च्या दशकात महागाई भडकली, व्याज चढत गेलं, किबुत्झ बुडायला आले. 1989 मध्ये सरकार, बँका आणि किबुत्झ यांच्यात तडजोड झाली. मग एकेकाने वेगवेगळे पगार सुरू केले. 2007 मध्ये देगानियानेही मतदान करून तेच केलं.

कर्ज हा शब्द मी मराठीत उच्चारला आणि पेंगणारी अख्खी बस ताठ बसली. "माफ झालं का हो मॅडम?" मागच्या बाकावरून आवाज आला. काही माफ झालं, काही हप्त्यांनी फेडलं, मी सांगितलं. "किती टक्के माफ?" "नियमित भरणाऱ्यांना काय मिळालं?" पुढच्या गोठ्यावर पोचेपर्यंत बाईंना कुणी दम घेऊ दिला नाही, आणि मलाही.