पेडेस्टल बेसिन आणि भिंतीतले चुकलेले तोंड

आमचे घर गोव्यातल्या डिचोलीत, जांभ्या चिऱ्यांचे आणि जुने. बाथरूममधल्या बेसिनखाली प्लायवूडचे कपाट होते. चार पावसाळ्यांत त्याचा तळ फुगून पापुद्रे सुटू लागले आणि दार उघडले की कुबट वास येऊ लागला, म्हणून कपाट काढून पेडेस्टल बेसिन, म्हणजे खाली खांब असलेले बेसिन, बसवायचे असे आम्ही चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, महिनाभर आधी ठरवले. बेसिन म्हापशाहून आणले, जुने कपाट एका सकाळी निघाले आणि काम दोन दिवसांत उरकेल, अशी माझी समजूत झाली.

अडले ते सांडपाण्याच्या तोंडापाशी. कपाट असताना भिंतीतून निघणारी नळी कुठे आहे याची कोणी फिकीर करत नाही, कारण सगळे दाराआड झाकलेले असते. पेडेस्टलचा खांब मात्र मागून पोकळ आणि जेमतेम वीतभर रुंद असतो, त्यामुळे नळी मध्यभागी असली तरच ती त्याच्याआड लपते. आमची नळी मध्यापासून १४ सेंटिमीटर डावीकडे निघाली, आणि बेसिनला पाणी देणारे भिंतीतले दोन्ही छोटे नळ, म्हणजे अँगल कॉक, तर त्याहूनही फाकलेले होते. खांब उभा करून पाहिला, तर नळ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी डोकावत होत्या. विकताना दुकानदाराने याविषयी एका शब्दाने विचारले नव्हते. बदलून मागायला गेलो, तेव्हा फिटिंगला नेलेला माल परत घेत नाही, असे उत्तर मिळाले. फिटिंग होत नाही हीच तर माझी तक्रार होती!

मग भिंत फोडून नळी सरकवण्याखेरीज मार्ग उरला नाही. प्लंबर येऊन टेप लावून गेला आणि त्यानंतर फोनवर रोज एकच उत्तर मिळू लागले, "फाल्यां येतां," म्हणजे उद्या येतो. ते 'फाल्यां' अकरा दिवस चालले. तोवर घरातली सगळी माणसे मागीलदारी, धुण्याच्या दगडाजवळच्या नळावर, पावसात छत्री धरून दात घासत होती. उघड्या तोंडातून झुरळे आणि गटाराचा वास येऊ लागला, तेव्हा मी त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फडक्याचा बोळा कोंबला; तो पहिल्याच दिवशी कोंबायला हवा होता.

अखेर नळी मध्यावर आली, तर बोल्ट धरेनात. चिरा सच्छिद्र असतो. ड्रिल लावले की भोकाची कड भुसभुशीत होऊन ढासळते आणि प्लास्टिकची गुट्टी आतल्या आत गरगर फिरते. शेवटी भोके मोठी करून, सिमेंटचा घट्ट माल भरून, बोल्ट त्यातच बसवले आणि चार दिवस कोणालाही हात लावू दिला नाही. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी बेसिन टांगायला निघाला होता, पण मी ऐकले नाही, आणि त्याचा मला अजूनही अभिमान वाटतो. खांब असला तरी बेसिन भिंतीच्या बोल्टांवरही तोललेले असते, हे विसरू नये. नट आवळताना रबरी वॉशर घालावा आणि बेतानेच आवळावे. चिनी मातीला तडा जायला एक फेरा जास्त पुरतो.

आधी सांगायची गोष्ट आता आठवली. आमच्या कपाटाखाली फरशी बसवलेलीच नव्हती. फरशी पुरी करून, तिच्यावर खांब आणि त्यावर बेसिन ठेवूनच बोल्टांच्या खुणा कराव्यात, नाहीतर पुढे फरशीच्या जाडीएवढे बेसिन वर जाते आणि भोके खाली राहतात. खरेदीला निघण्यापूर्वी जुन्या नळीचे मध्यापासूनचे अंतर आणि जमिनीपासूनची उंची कागदावर लिहून न्यावी, आणि दुकानात खांब उलटा करून आतली पोकळी टेपने मोजावी, कारण बेसिनखालचा बाटलीसारखा ट्रॅप, म्हणजे पाणी साठवून गटाराचा वास अडवणारा भाग, प्रत्येक खांबात मावत नाही.

चवथीच्या दोन दिवस आधी पाणी सुरू झाले. मजुरी देण्यापूर्वी खांबामागे हात घालून दोन्ही अँगल कॉक पुरते फिरतात की नाही, हे स्वतः पाहावे. आमचा डावीकडचा अर्ध्यावर खांबाला अडतो, आणि तो दुरुस्त करायला प्लंबर फाल्यां येणार आहे.