तुम्ही विचारलंत म्हणून: मुक्तिदिन आणि आमच्या घरातला पासपोर्ट

दरवर्षी १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, पेडण्यातल्या आमच्या शाळेच्या झेंडावंदनाहून परतताना कोणीतरी अडवून विचारतेच: "गुरुजी, मुलगा पोर्तुगीज झाला, मग तुम्ही मुक्तिदिनाला उभे राहता तरी कोणत्या तोंडाने?" हसून वेळ मारून नेण्याचा आता कंटाळा आला आहे.

आधी माझेच जुने बोलणे सांगतो, कारण ते तुमच्यापैकी अनेकांनी याच पटांगणात ऐकले आहे. ज्या पोर्तुगीजांनी गोव्यावर ४५१ वर्षे राज्य केले त्यांच्याच दारी नागरिकत्व मागणे म्हणजे १९५५ साली गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला त्यांच्या गोळ्या झेललेल्या सत्याग्रहींचा अपमान, असे मी मुलांना बजावत असे. (खरे तर पेडणे त्यांच्याकडे गेले ते १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून, पण भाषणात ४५१ हा आकडा चांगला वाजतो.)

मुलाला लिस्बनशी काही देणेघेणे नव्हते. त्याला इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गोदामातले काम हवे होते, आणि ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत त्यासाठी हा पासपोर्ट पुरत असे. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने १९७४ च्या अखेरीस मान्य केले, तरी मुक्तीपूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना नागरिकत्वाची वाट मोकळी ठेवली. ती वाट आमच्या घरात माझ्या वडिलांच्या जन्मदाखल्यातून जात होती.

वडील तेव्हा ७८ वर्षांचे होते. पत्रादेवीकडून आलेला गोळीबाराचा आवाज त्यांनी विसाव्या वर्षी शेतात ऐकला होता. तेवढेच ते सांगत, त्यापुढे कधी नाही. वकिलाच्या टेबलाशी त्यांनी चष्मा लावला आणि पोर्तुगीज वळणाने लिहिलेल्या आपल्या बापाच्या नावावरून बोट फिरवत ते अक्षर अक्षर जुळवून वाचले. त्यांनी नकार द्यावा अशी माझी मनोमन इच्छा होती, म्हणजे मुलाला नाही म्हणण्याचे काम माझ्यावर आले नसते. हा भित्रेपणा मी आज प्रथमच कबूल करतो आहे. ते एवढेच म्हणाले, "सय खंय करूं?" (सही कुठे करू?) रात्री जेवताना त्यांनी विचारले, इथला पासपोर्ट परत द्यावा लागतो का. मी हो म्हटले. त्यांनी पुन्हा भात घेतला नाही. त्यानंतर ते एकदाही झेंडावंदनाला आले नाहीत. गुडघ्यांमुळे की त्या सहीमुळे, हे विचारण्याचे धैर्य ते असेपर्यंत मला झाले नाही.

इथे पोटापुरते काम असते तर मुलगा गेला नसता, असे मी तुम्हाला सुनावू शकतो, आणि बऱ्याचदा सुनावतोही. पण त्याच्याच वर्गातली किती मुले इथेच राहून संसार करत आहेत, हेही मला रोज दिसते.

गेल्या मुक्तिदिनाला तो सुट्टीवर आला होता आणि माझ्या शेजारी उभा होता. राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा माझे लक्ष झेंड्याकडे नव्हते. त्याचे ओठ हलतात की नाही, हे मी तिरक्या नजरेने पाहत होतो.