स्टॉकहोममधली खाद्यभ्रमंती, खाजगी गाईडसोबत

स्टॉकहोमला सहकुटुंब जाणार असाल आणि घरात प्रत्येकाचं खाण्याचं तंत्र वेगळं असेल, तर खाजगी खाद्यफेरीवर पैसे खर्च करा, असं मी मनापासून सांगेन. आमच्याकडे सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. नवरा मासे खातो, पण मटण-चिकनला हात लावत नाही. मी आणि लेक सगळं खातो, फक्त बीफ नाही. अनोळखी लोकांच्या गटफेरीत एवढं कोण सांभाळणार? तिथले पदार्थ आधीच ठरलेले असतात आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा ब्रेड, लोणी आणि काकडी येते. खाजगी फेरीत गाईड तुमचा आहार बघून थांबे ठरवते, दुकानदाराशी स्वीडिशमध्ये बोलून घेते, आणि ज्येष्ठ माणूस दमला तर बाकावर बसून गोष्टही सांगते.

दर बहुधा माणशी नसतो, अख्ख्या गटाचा मिळून असतो. त्यामुळे दोघांना महाग वाटेल, पण दोन कुटुंबं एकत्र आली तर फरक बराच कमी होतो. बुक करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा : चाखायचे पदार्थ दरात धरलेत का, पेयं धरलीत का, आणि किती थांब्यांवर बसायला जागा मिळेल. आहाराची माहिती फॉर्ममधल्या छोट्या चौकटीत नुसतं ‘शाकाहारी’ लिहून संपवू नका. तिकडे कित्येक जण मासे खाणाऱ्यालाही शाकाहारी समजतात. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध-लोणी चालतं, असं एकेक करून लिहा. आम्ही तसं लिहिलं होतं, म्हणून सासूबाईंचं पोट खऱ्या अर्थाने भरलं.

आम्ही सप्टेंबरात गेलो, आणि खाण्यासाठी हाच महिना निवडावा असं माझं मत आहे. जंगलात शांतरेल नावाची पिवळीधमक अळंबी आणि लाल लिंगॉन बेरी निघालेल्या असतात. तिथल्या कायद्याप्रमाणे कोणीही जंगलात जाऊन त्या वेचू शकतो, त्यामुळे बाजारात ताजा माल भरपूर असतो. जुलैत मात्र बरीच छोटी खाद्यगृहं सुट्टीवर जातात, आणि जूनमधल्या मिडसमर या सणाच्या दिवसांत शहर अर्धं बंद असतं.

सुरुवात ओस्टरमाल्म भागातल्या सालुहालपासून झाली. ही 1888 सालची लाल विटांची मंडई आहे. मोठ्या दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद होती, 2020 मध्ये पुन्हा उघडली. मेट्रोच्या लाल मार्गावर ओस्टरमाल्मस्तोरी स्टेशनला उतरलं की समोरच. आत कोरीव लाकडाचे गाळे, वर लोखंडी कमानी, आणि बर्फावर मांडलेली मासळी. रविवारी मंडई बंद असते, त्यामुळे फेरी रविवारी ठेवू नका.

पहिला घास हेरिंग या लहान समुद्री माशाचा. स्वीडिश जेवणात क्रम पाळतात : आधी हेरिंग, मग सामन आणि इतर थंड मासे, मग थंड मांस, शेवटी गरम पदार्थ. प्रत्येक फेरीला ताटली नवी. गाईडने हेरिंगचे तीन प्रकार समोर ठेवले, कांद्याचा, मोहरीच्या सॉसमधला आणि मसाल्यात मुरवलेला. सोबत उकडलेला बटाटा, आंबट साय आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. मुरवणाच्या पाण्याचं प्रमाण तिथे घराघरात पाठ असतं : एक भाग तीव्र व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. त्यात गाजराच्या चकत्या, कांदा, तमालपत्र आणि ऑलस्पाइसचे दाणे. चव आधी गोड लागते, मग आंबट, आणि मासा सगळ्यात शेवटी. नवऱ्याला पहिल्या घासाला गोडवा खटकला, पण बटाटा आणि साय यांच्यासोबत खाल्ल्यावर त्याने मोहरीचा प्रकार पुन्हा मागून घेतला. नुसती हेरिंग खाऊन मत बनवू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे.

इथेच गाईडने सगळ्या स्वीडिश स्वयंपाकाची किल्ली आमच्या हाती दिली. लांबलचक हिवाळ्यात जमीन गोठलेली, म्हणजे जे पिकलं, जे पकडलं ते टिकवायला हवं. मीठ, साखर, व्हिनेगर, धूर, वाळवण, आंबवण, यांतल्या एका तरी मार्गाने बहुतेक पदार्थ गेलेला असतो. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणून कोकणात सुकट-बोंबील आणि देशावर कुरडया-सांडगे होतात, तसाच हा थंडीचा विचार. राईची कडक भाकर, क्नेकेब्रोद, तीही त्यातलीच. जुन्या गोल भाकरीच्या मधोमध भोक असतं. वर्षातून मोजक्या वेळा भट्टी लावायची आणि भाकऱ्या काठीत ओवून आढ्याखाली टांगायच्या, म्हणजे महिनोन्‌महिने टिकतात. हे कळल्यावर पुढचा प्रत्येक पदार्थ आम्ही वेगळ्या नजरेने खाल्ला. गाईडचे पैसे इथेच वसूल झाले.

मीठ-साखर आणि शेपूमध्ये दाबून ठेवलेला सामन, म्हणजे ग्रावलाक्स, सगळ्यांना ओळखीचा असतो, त्यावर फार लिहीत नाही. त्याच्यासोबतचा मोहरी-शेपूचा सॉस मात्र सोडू नका. टोस्ट स्कागेनही तिथेच खाल्ला : लोण्यात परतलेला पाव, त्यावर मेयोनेज आणि शेपूत कालवलेली कोळंबी, वर नारिंगी लोयरोम. हे उत्तरेकडच्या बोथ्नियाच्या आखातातल्या एका लहानशा माशाचं गाभोळं. कालिक्स भागातल्या लोयरोमला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे आणि ते चांगलंच महाग असतं. फेरीत चमचाभरच मिळतं, तेवढं पुरतं.

सासूबाईंसाठी गाईडने शांतरेलचा टोस्ट सांगून ठेवला होता. अळंबी आधी कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत, मग लोण्यात, शेवटी थोडी साय. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि मला म्हणाल्या, “अगं, मसाला काहीच नाही आणि तरी वास बघ किती सुटलाय!” वेस्टरबोतेन हे तिथलं मानाचं चीज, पण अशा पारंपरिक चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असू शकतं. आमच्या गाईडने काउंटरवर स्वतः चौकशी करून सासूबाईंना दुसरं चीज दिलं. तुमच्याकडे कोणी कडक शाकाहारी असेल तर हा प्रश्न विचाराच. वेस्टरबोतेन चीज घालून भाजलेला ‘पाय’ (pie) हा पदार्थ दिसायला शाकाहारी असतो, पण त्यात अंडी असतात.

तिथून कुंगस्त्रेदगोर्देनच्या बागेतून, पूल ओलांडून गामला स्तानला, म्हणजे जुन्या शहरात, पायी गेलो. रमतगमत चाललं तर अर्धा तास. खाली सगळा दगडगोट्यांचा रस्ता आहे. ज्येष्ठांना जाड तळव्याचे बूट घालायला लावा. पाऊस झाला की दगड निसरडे होतात.

जुन्या शहरात मांसाचे गोळे, शोतबुल्लार, खायचे असा बहुतेकांचा बेत असतो. ते साधारणपणे गाय आणि डुक्कर यांच्या मिश्र खिम्याचे असतात, म्हणून आम्ही ते वगळले. एल्क (मोठं जंगली हरीण) किंवा रेनडिअरचे म्हणून जे विकतात त्यांतही पुष्कळदा डुकराचा खिमा मिसळलेला असतो, ऑर्डर देण्याआधी विचारा. मेनू वाचताना ‘नोत’ म्हणजे गाय आणि ‘फ्लेस्क’ म्हणजे डुक्कर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. 2018 मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून हा पदार्थ बारावा चार्ल्स राजा तुर्कस्तानातून घेऊन आला असं सांगितलं गेलं आणि मोठी चर्चा झाली. हा राजा रशियाशी हरल्यावर 1709 ते 1714 ऑटोमन मुलखात राहिला, एवढं इतिहासात नक्की आहे. खिमा भरलेल्या कोबीच्या पानांचं नातं त्या मुक्कामाशी जास्त नीट जुळतं, असं आमच्या गाईडचं म्हणणं.

मी आणि लेकीने रेनडिअरचं रेन्स्काव घेतलं. मांस गोठलेलं असतानाच त्याचे कागदासारखे पातळ काप काढतात, मग अळंबी, साय आणि जुनिपरच्या दाण्यांसोबत परततात. स्वीडनमध्ये रेनडिअर पाळण्याचा हक्क उत्तरेकडच्या मूळ रहिवासी सामी लोकांचा आहे, आणि हा त्यांच्याच घरचा पदार्थ. यासोबत लिंगॉन हवंच. लिंगॉन न शिजवता नुसतं साखरेत ढवळतात, तरी ते टिकतं, कारण त्या फळातच बेंझोइक आम्ल असतं. गोडसर तुरट लिंगॉन आणि खारट मांस एका घासात आलं की या देशाचं जेवण नीट समजतं.

जाता जाता ‘देन युल्देने फ्रेदेन’ या 1722 पासूनच्या खाद्यगृहावरून गेलो. आत गेलो नाही, पण ही वास्तू चित्रकार अँडर्स झोर्नने विकत घेऊन स्वीडिश अकादमीला दिली, आणि साहित्याचं नोबेल ठरवणारे सदस्य गुरुवारी तिथे जेवायला जमतात, हे ऐकून दारापाशी थोडा वेळ उभे राहिलो. गुरुवारचंच आणखी एक : त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि नंतर पातळ पॅनकेक मिळतात. वाटाणा बघून फसू नका, पारंपरिक सुपात डुकराचं मांस असतं.

जुन्या शहराच्या दक्षिण टोकाशी, स्लुसेनला, तळलेल्या स्त्रोमिंगची गाडी आहे. माझ्या मते अख्ख्या फेरीतला सर्वात चविष्ट घास हाच. स्त्रोमिंग म्हणजे बाल्टिक समुद्रातली लहान हेरिंग. तिचा काटा काढून दोन तुकडे एकमेकांवर ठेवतात, राईच्या पिठात घोळवतात आणि लोण्यात कडा करकरीत होईपर्यंत तळतात. मग क्नेकेब्रोदवर ठेवून वर लाल कांदा, काकडी आणि शेपू. हातात धरून उभ्यानेच खायचं. बशीत हवं असेल तर बटाट्याचा लगदा आणि लिंगॉनसोबत मिळतं. एक गोष्ट सांगायलाच हवी : बाल्टिकच्या या मासळीत डायॉक्सिन या विषारी रसायनाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून मुलांनी, गरोदर स्त्रियांनी आणि पुढे मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांनी ती वर्षातून दोन-तीनदाच खावी असा तिथल्या अन्न विभागाचा सल्ला आहे. प्रवासातल्या एका बशीची चिंता नको, पण रोज तिथेच जेवू नका.

शेवटचा थांबा स्योदरमाल्म बेटावरच्या बेकरीत, फीकासाठी. कॉफी, काहीतरी गोड आणि निवांत बसणं, हे तिथे ऑफिसातसुद्धा रोज होतं. याच देशात अठराव्या शतकात कॉफीवर अनेकदा बंदी आली होती, हे आज खरं वाटत नाही. दालचिनीचा बन प्रसिद्ध आहे, पण तुम्ही वेलचीचा घ्या. वेलचीची पूड नसते, दाणे जाडसर भरडलेले असतात, ते पिठातही असतात आणि वरून साखरेसोबतही. चावताना दाणा दाताखाली फुटतो. आपल्या पश्चिम घाटातला हा मसाला स्वीडनमध्ये एवढा मुरला आहे की वेलचीशिवाय तिथल्या गोड पावाची कल्पनाच करता येत नाही. अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा : पिठात अंडं नसलं तरी वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो. ‘वेगान्स्क’ (म्हणजे व्हीगन) लिहिलेला बन मागा, स्टॉकहोमच्या बऱ्याच बेकऱ्यांत मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर बदाम आणि फेटलेल्या सायीचा सेमला नावाचा बन मिळेल, तो चुकवू नका.

लेकीने सुट्या गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानात बराच वेळ घालवला. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत जिलेटिन असतं, तेव्हा शाकाहाऱ्यांनी घटक वाचावेत. खारट लिकोरिसची (ज्येष्ठमधाची) एकच गोळी आधी चाखा, मग पिशवी भरा.

पैशांचं म्हणाल तर रोकड जवळजवळ कुठेच लागत नाही, कित्येक ठिकाणी घेतच नाहीत. परदेशात चालणारं कार्ड न्या. मेट्रोच्या फाटकावरही तेच टेकवून जाता येतं. टिपची सक्ती नाही. नळाचं पाणी उत्तम आहे, बाटली विकत घेऊ नका. फेरीत स्नॅप्स ही कडक दारू धरलेली असेल आणि ती नको असेल, तर आधीच सांगून एल्डरफ्लॉवरचं सरबत मागा. दारू विकत न्यायची असेल तर ती मुख्यतः सरकारी सिस्तेमबोलागेत दुकानात मिळते. ते दुकान शनिवारी दुपारीच बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही.

खाजगी फेरी बजेटबाहेर असेल, तर कामाच्या दिवशी दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान ‘दागेन्स लुंच’ घ्या. एका ठरीव किमतीत मुख्य पदार्थ, सॅलड, ब्रेड आणि कॉफी येते, आणि तोच पदार्थ रात्री बराच महाग पडतो. त्याला सालुहालमधला एक टोस्ट आणि संध्याकाळचा वेलचीचा बन जोडला की दिवस भरतो. फक्त रेनेट, अंडं आणि खिम्याची चौकशी मग तुम्हालाच करावी लागेल.

येताना क्नेकेब्रोद आणि लिंगॉनचा जॅम आणला. जॅम द्रवात मोजतात, तेव्हा बरणी चेक-इन सामानातच ठेवा. आणि फेरीच्या दिवशी सकाळी नाश्ता अगदी हलका करा, रात्रीचं जेवण तर बुकच करू नका.