तुम्ही विचारलंत म्हणून: माणूस निवडायचा हक्क मालकाचा, पण कशावरून?

‘धंदा माझा, पगार माझ्या खिशातून जातो. उमेदवार समलिंगी आहे म्हणून मला तो नको असेल, तर नाही म्हणायचा हक्क मला आहे की नाही?’ छोटे उद्योजक हे नेहमी विचारतात. नोकरी करणारे हाच प्रश्न पलीकडच्या बाजूने विचारतात: ‘माझ्याबद्दल कळलं म्हणून मला काढलं, तर दाद कुठे मागायची?’ दोघांना एकत्रच उत्तर देतो.

मालकाचा हक्क मोठा आहे, हे आधी मान्य करू. किती माणसं घ्यायची, शिक्षण आणि अनुभव किती हवा, पगार किती, चाचणी घ्यायची का, प्रोबेशन किती महिन्यांचं, हे सगळं तोच ठरवतो. दोन तोडीस तोड उमेदवारांतून एकाला निवडलं, तर दुसऱ्याला तेवढ्यावरून तक्रार करता येत नाही. प्रश्न येतो तो नकाराच्या कारणाचा. हिशेब नीट येत नाही म्हणून लेखनिक नाकारणं हा कामाचा निर्णय झाला. तो कुणावर प्रेम करतो म्हणून त्याला नाकारणं याचा हिशेबाशी काडीचा संबंध नाही. माझ्या मते अशा कारणाला मालकाचा हक्क म्हणणं हीच मुळात चूक आहे.

आता भारतातला कायदा. सरकारी नोकरीत स्थिती बरीच स्पष्ट आहे. राज्यघटनेचं कलम 16 सरकारी नोकरीत लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतं. 6 सप्टेंबर 2018 रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले आणि राज्यघटनेच्या कलम 15 मधल्या ‘लिंग’ या आधारात लैंगिक कलही (माणसाला कुणाबद्दल आकर्षण वाटतं ते) येतो, अशी भूमिका घेतली. हा निकाल नोकरीत कसा उपयोगी पडतो, ते 2021 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात दिसलं. उत्तर प्रदेशातल्या एका होमगार्डचा जोडीदारासोबतचा व्हिडिओ पसरला, म्हणून त्याची नियुक्ती रद्द झाली होती. न्यायालयाने तो आदेश मोडीत काढला आणि त्याला कामावर परत घ्यायला लावलं.

खासगी क्षेत्रात मात्र मोठी फट आहे. लैंगिक कलावरून खासगी नोकरीत भेदभाव करू नये, असं थेट सांगणारा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा 2019 चा कायदा खासगी आस्थापनांनाही लागू आहे. भरती आणि बढतीतल्या भेदभावाला तो मनाई करतो आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगतो. नियमांनुसार त्या अधिकाऱ्याने तक्रारीची चौकशी 15 दिवसांत करायची असते. पण हे संरक्षण ट्रान्सजेंडर असण्याला आहे, लैंगिक कलाला नाही. गे, लेस्बियन किंवा बायसेक्शुअल (स्त्री-पुरुष दोघांकडे कल असलेल्या) कर्मचाऱ्याला केवळ त्याच्या कलासाठी ते मिळत नाही. अनेक कंपन्यांचे एचआर या दोन गोष्टी एकाच खात्यात टाकतात आणि कर्मचाऱ्याला चुकीचा भरवसा देतात.

म्हणून मालकाला मोकळं रान मिळालं का? तसंही नाही. नोकरी दिल्यावर करार असतो, नोटिशीचा काळ असतो, आणि कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ असलेल्या माणसाला बडतर्फीविरुद्ध औद्योगिक वाद उभा करता येतो. कंपनीच्या छापील आचारसंहितेत लैंगिक कलाचा उल्लेख असेल आणि नियुक्तिपत्राने ती संहिता कराराचा भाग केलेली असेल, तर कर्मचाऱ्याच्या हातात ठोस कागद येतो. सगळ्यांत दुबळा असतो तो भरतीच्या टप्प्यावरचा उमेदवार: अजून करार नाही आणि नकाराचं कारण लेखी देण्याचं बंधनही नाही. तिथे कायदाच हवा. संसदेने तो करावा, असं मला मनापासून वाटतं.

‘कुणाशी करार करायचा हे माझं स्वातंत्र्य’ हा युक्तिवाद इतरत्र न्यायालयांत तपासला गेला आहे. पोलंडमध्ये एक संकलक सरकारी दूरचित्रवाणीसाठी वर्षानुवर्षं छोट्या छोट्या करारांवर काम करत होता. त्याने आपल्या पुरुष जोडीदारासोबत सहिष्णुतेबद्दलचं नाताळचं गाणं यूट्यूबवर टाकलं आणि पुढचा करार झालाच नाही. तिथला कायदा करारासाठी माणूस निवडण्याचं स्वातंत्र्य मालकाला देत होता. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं की, हे स्वातंत्र्य लैंगिक कलावरून काम नाकारण्यापर्यंत ताणता येत नाही, आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्यालाही संरक्षण आहे. त्याआधी 2020 मध्ये इटलीतल्या एका वकिलाचं प्रकरण याच न्यायालयापुढे आलं होतं. आपल्या कार्यालयात समलिंगी माणसाला कधीच घेणार नाही, असं तो रेडिओवर म्हणाला होता. त्या वेळी भरती चालूही नव्हती. तरी ते वक्तव्य भरतीतल्या भेदभावाच्या नियमाखाली येऊ शकतं, असं न्यायालयाने ठरवलं. असं जाहीर बोलणं ऐकून लायक माणसं अर्जच करत नाहीत.

अमेरिकेत बोस्टॉक खटल्याचा निकाल 15 जून 2020 रोजी 6 विरुद्ध 3 मतांनी लागला: नोकरीत लिंगावरून भेदभावाला मनाई करणारा तिथला केंद्रीय कायदा समलिंगी कर्मचाऱ्यालाही संरक्षण देतो. त्यातला तर्क साधा आहे: पुरुष आवडतो म्हणून पुरुषाला काढलं आणि त्याच कारणावरून बाईला काढलं नाही, तर फरक लिंगाचाच झाला. 15 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला तो कायदा लागू होतो; पुरोहितासारख्या धार्मिक पदांना सूट आहे. 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की, भिन्नलिंगी व्यक्तीने भेदभावाची तक्रार केली, तर तिच्याकडे जास्तीचा पुरावा मागायचा नाही. तेव्हा हे ‘त्यांच्यासाठीचं खास संरक्षण’ आहे, ही समजूत सोडून द्यावी.

मालकांनी काय करावं? चूक बहुतेक वेळा अर्जाच्या नमुन्यातच सुरू होते. वैवाहिक स्थिती, जोडीदाराचं नाव, ‘लग्न का नाही केलं?’ यांतलं काहीही निवडीसाठी लागत नाही. नामनिर्देशनासाठी किंवा विम्यासाठी लागणारी माहिती रुजू झाल्यावर घ्या. जाहिरात देण्याआधी चार-पाच निकष लिहून काढा आणि प्रत्येकाला गुण ठरवा. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारा. मुलाखत घेणाऱ्यांनी आपापले गुण आधी लिहावेत, चर्चा नंतर करावी. साहेब आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात. ‘आपल्या वातावरणात बसणार नाही’ हा शेरा मान्यच करू नका. कोणता निकष कमी पडला, ते लिहायला लावा. उमेदवाराची सोशल मीडिया खाती चाळायची सवयही घातक आहे: जे कळलं ते विसरता येत नाही, आणि नकार कशावरून दिला हे मग तुम्हालाच सिद्ध करता येत नाही. रुजू होण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही चाचणी असेल तर ती लगेच काढा. नोकरीची पूर्वअट म्हणून ती घ्यायला 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे, खासगी मालकालाही.

कर्मचाऱ्यासाठी पहिली सूचना: रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. राजीनामा दिला की ‘तो स्वतःहून गेला’ एवढंच कागदावर उरतं. काय बोललं गेलं, ते त्याच दिवशी शब्दशः लिहा. तारीख, वेळ, जागा आणि हजर असलेल्यांची नावं घाला. तोंडी बोलणं झाल्यावर ‘आज आपलं असं बोलणं झालं’ असा छोटा ईमेल पाठवा. जुनी मूल्यमापनं आणि कौतुकाचे ईमेल यांच्या तारखा जुळवा: कालपर्यंत उत्तम असलेला शेरा तुमच्याबद्दल कळल्यावर अचानक बिघडला असेल, तर तोच सर्वांत बोलका पुरावा. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रं घरी नेऊ नका. त्यावरूनच कारवाई होईल.

लैंगिक छळ असेल तर 2013 च्या कायद्याखालची अंतर्गत समिती आहे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करावी लागते आणि तक्रारदार स्त्रीच असू शकते. जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्तीही स्त्री असली तरी चालते, असं कोलकाता उच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. गे पुरुषाला हा मार्ग बंद आहे, कंपनीने आपल्या धोरणात तो उघडला नसेल तर. ‘घरी सांगेन’ अशी धमकी देऊन कुणी पैसे मागत असेल, तर ती खंडणी आहे. एचआरपुरतं न ठेवता वकिलाला गाठा आणि संदेश पुसू नका.

राहिला प्रश्न सोयींचा. गटविम्यात जोडीदाराला घ्यायचं असेल, तर पॉलिसीतली ‘पती-पत्नी’ ही व्याख्या बदलून घ्यावी लागते. नूतनीकरणाच्या एक-दोन महिने आधी एचआरने विमा कंपनीकडे तशी लेखी मागणी करावी. भविष्यनिर्वाह निधीत मात्र कंपनीचं काही चालत नाही: आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर ते योजनेच्या व्याख्येत ‘कुटुंब’ ठरतात आणि जोडीदाराचं नामनिर्देशन तिथे टिकत नाही. बँक खात्याला ती अडचण नाही. केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने ऑगस्ट 2024 मध्येच स्पष्ट केलं आहे की, समलिंगी जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला किंवा नॉमिनी म्हणून त्याचं नाव लावायला कोणतंही बंधन नाही. पगाराच्या खात्यावर ते नाव आजच लावून घ्या.