अर्ध्या सिलिंडरवरची गलाई

विट्याकडचे गलाईवाले देशभर पसरलेत, तसे आम्ही काही जण काठमांडूत आहोत. सोनारांकडचं मोडीचं सोनं वितळवायचं, चोख करून द्यायचं. भारत-नेपाळच्या १९५० च्या तहामुळे भारतीयाला तिथं राहून धंदा करता येतो.

२०१५ च्या तिहारच्या, म्हणजे आपल्या दिवाळीच्या तोंडावर माझी भट्टी थंड होती. नेपाळनं २० सप्टेंबरला नवी राज्यघटना आणली. प्रांतांच्या सीमा आणि नागरिकत्वाच्या कलमांवरून तराईतले, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सखल भागातले मधेशी भडकले, सीमेवरच्या वीरगंजच्या पुलावर ठाण मांडून बसले आणि भारतातून येणारे इंधनाचे टँकर अलीकडे बिहारातल्या रक्सौललाच अडकले. दिल्ली म्हणे, नाकाबंदी आमची नाही, तुमच्याच लोकांनी रस्ता अडवलाय. काठमांडूत हे कुणाला पटत नव्हतं. खरं तर मलाही नाही.

अशात एका सकाळी ओळखीचे एक म्हातारे सोनार आले. मागे पोऱ्याच्या खांद्यावर सिलिंडर.

"दाइ, सोनं माझं, गॅसही माझाच. बंद तुमच्या देशानं केलाय, तर पेटवा तुम्हीच!"

सिलिंडर तेव्हा अर्धाच भरून मिळायचा, तोही रांगेत उभं राहून. म्हणजे घरी सूनबाई लाकडं फुंकत असणार. मी मूस चढवली.

सोनं वितळेपर्यंत ते बोलत होते. जन्मभर नेपाळी काँग्रेसवाले. तेव्हाचे पंतप्रधान, कम्युनिस्ट ओलींचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचे. आता म्हणाले, "पुढचं मत ओलींनाच." भारताची १९८९ ची नाकाबंदीही त्यांनी सोसली होती. "तेव्हा राग राजावर निघाला. वर्षभरात त्याला पक्षांवरची बंदी उठवावी लागली. या वेळी राग तुमच्यावर आहे." मधेशींचा विषय मी काढून पाहिला. आंदोलनात चाळीसहून जास्त माणसं मेली होती, गाऱ्हाणं खोटं नव्हतं. त्यांनी हात झटकला. एरवी काँग्रेस-कम्युनिस्ट म्हणून भांडणारं हे शहर दिल्लीच्या नावानं मात्र एक झालं होतं, आणि त्यात मधेशींना जागा नव्हती.

चीननं १३ लाख लिटर इंधन फुकट देऊ केलं होतं. "तेवढ्यानं काय होणार?" मी विचारलं.

"काही नाही. पण मागायला दुसरं दार आहे, एवढं तर दिल्लीला कळलं!"

मार्च २०१६ मध्ये ओलींनी बीजिंगला जाऊन चीनमार्गे मालवाहतुकीचा करार केला. तेल मात्र भारतातूनच येत राहिलं. २०१९ पासून तर मोतिहारी-अमलेखगंज पाइपलाइनमधून.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी म्हाताऱ्यानं चोख सोनं तोलून घेतलं आणि माझ्या मजुरीतून गॅसचे पैसे कापले. काळ्या बाजाराच्या भावानं.