घर नंतर, आधी शेजारचा रिकामा प्लॉट

वाढत्या शहरात उच्चभ्रू वस्ती शोधताना माझा सगळ्यात जास्त वेळ मोकळ्या जमिनींची चौकशी करण्यात गेला. जुन्या, स्थिरावलेल्या शहरात आज जे दिसतं ते पुढची वीस वर्षं साधारण तसंच राहतं. वाढत्या शहरात मात्र खिडकीतली टेकडी, संध्याकाळचा वारा, गल्लीतली शांतता हे सगळं बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीच्या प्लॉटवर अवलंबून असतं, आणि त्या मालकाने तुम्हाला काहीच कबूल केलेलं नसतं. घराची किंमत त्या टेकडीसकट लावलेली असते, ताबा मात्र फक्त घराचा मिळतो.

सुरुवात दिशेपासून केली. होमर हॉइट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १४२ अमेरिकन शहरांचा अभ्यास करून १९३९ मध्ये मांडलं होतं की महागड्या वस्त्या शहरभर विखुरत नाहीत. त्या मध्यभागाच्या एका अंगाला सुरू होतात आणि त्याच दिशेने, मोठ्या रस्त्यांच्या कडेने, उंच आणि पुरापासून सुरक्षित जमिनीकडे सरकत जातात. हा काही निसर्गनियम नव्हे. एखादा विमानतळ किंवा कार्यालयांचा नवा पट्टा तो मोडून टाकतो. पण पहिली चाळणी म्हणून चांगला चालतो. पन्नास वर्षांपूर्वीची, पंचवीस वर्षांपूर्वीची आणि आजची चांगली वस्ती नकाशावर खूण करून बघितली की बहुधा एक रेघ दिसू लागते. रेघेच्या पुढच्या टोकाला शाळा, दवाखाने, बसमार्ग लवकर पोचतात, कारण ते गिऱ्हाइकांच्या मागे येतात. रेघेपासून लांब एकटाच उभा असलेला आलिशान प्रकल्प कितीही देखणा असो, तिथे डोकेदुखीच्या गोळीसाठीही गाडी काढावी लागते.

दुसरी चाळणी प्रवासाच्या वेळेची. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये दाखवून दिलं की वाहन कुठलंही असो, माणूस दिवसाकाठी साधारण तासभर प्रवासात घालवतो. मी एका बाजूची कमाल चाळीस मिनिटं धरली, तीही दारापासून दारापर्यंत. म्हणजे लिफ्टची वाट बघणं, तळघरातून गाडी बाहेर काढणं, फाटकावरची रांग हे सगळं त्यात आलं. फोनवरच्या नकाशात निघायची वेळ टाकली की तो पंचवीस ते पन्नास मिनिटं असा पल्ला दाखवतो. त्यातला वरचा आकडा धरायचा, आणि वार मंगळवार ते गुरुवार यांपैकी निवडायचा. शिवाय एक गोष्ट नकाशावर सहज निसटते: दुभाजक असलेल्या रस्त्यावर प्रकल्पाचं फाटक कोणत्या बाजूला आहे. चुकीच्या बाजूला असेल तर रोज वळसा घेण्यासाठी दीड-दोन किलोमीटर पुढे जाऊन परत यावं लागतं. मेट्रो येणार म्हणून सांगितलं जातं तेव्हा खांब उभे आहेत का, एवढंच विचारायचं. नुसती मंजुरी मिळालेल्या मार्गाचा भाव किमतीत आजच चढलेला असतो; तो प्रत्यक्ष बांधला जाताना खणलेला रस्ता मात्र तुमच्या वाट्याला येतो.

यानंतर उरलेल्या वस्त्यांचं पाणी तपासलं. आधी पावसाचं, मग नळाचं.

२००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून रडारने पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली गेली. तो नकाशा सगळ्यांना मोफत मिळतो. त्याच्या चौकटी सुमारे ३० मीटरच्या आहेत आणि उंचीत काही मीटरची चूक असू शकते. झाडांची आणि इमारतींची उंचीही त्यात मिसळलेली असते. त्यामुळे आपल्या घराचं जोतं किती उंच हे त्यावरून ठरवता येत नाही. वरून पाणी कुठून येणार आणि खाली कुठे जाणार, हे मात्र नीट कळतं. सोबत जुनी उपग्रह छायाचित्रं बघायची. लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून फुकट मिळतात. त्यांत लहान ओढा दिसत नाही, तळं दिसतं. अलीकडच्या वर्षांसाठी गूगल अर्थमधली जुन्या चित्रांची पट्टी मागे सरकवायची. चौकोनी आखणीच्या मधून एखादी झाडांची रांग नागमोडी जात असेल, किंवा दोन-तीन प्लॉट उगाच तिरके कापलेले असतील, तर तिथे पाणी वाहत होतं असं समजून चौकशीला लागायचं.

पूर्वी कधी पाणी न भरलेल्या भागात आता ते का भरतं, याचं गणित अगदी सोपं आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. एका हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी झालं. जमीन गवताची असेल तर त्यातलं साधारण पाव, म्हणजे सव्वा लाख लिटर वाहून जातं. तिथेच छपरं आणि काँक्रीट आलं की नव्वद टक्के, म्हणजे साडेचार लाख लिटर. पाऊस तेवढाच, खाली येणारं पाणी साडेतीन पटीहून अधिक, आणि रस्त्याखालची मोरी जुन्याच मापाची. म्हणून ‘इथे वीस वर्षांत कधी पाणी आलं नाही’ या ग्वाहीला मी फारशी किंमत दिली नाही. चढाच्या बाजूला अजून किती माळ मोकळा आहे हा प्रश्न जास्त कामाचा. प्रत्यक्ष जागेवर कुंपणाच्या भिंती बघायच्या: ठरावीक उंचीवर सरळ आडवी मळकट रेघ असेल तर ती पुराची, खालून वर एकसारखा नसलेला पांढरट लोणा असेल तर तो जमिनीतून चढलेल्या ओलीचा. पाण्याची रेघ रंगाने झाकली जाते, म्हणून विजेच्या पेट्या आणि जनित्राचा चौथरा बघावा. ते मागाहून उचलून बसवलेले दिसले तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आता मूळ मुद्दा, रिकामा प्लॉट. समजा समोर २,००० चौरस मीटर मोकळी जागा आहे. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १ असेल तर तिथे २,००० चौरस मीटर बांधकाम होईल, म्हणजे झाडांत दडलेली टुमदार चार मजली इमारत. निर्देशांक ३ असेल तर ६,००० चौरस मीटर. इमारतीने प्लॉटचा पाव भाग व्यापला तर बारा मजले होतात. घरटी शंभर चौरस मीटर धरले तर ६० घरं, आणि अशा वस्तीत घरटी दोन गाड्या सहज असतात, म्हणजे १२० गाड्या. त्यातल्या सगळ्या आत मावत नाहीत, पाहुण्यांच्या तर नाहीतच.

आता रस्ता घ्या. ९ मीटरचा रस्ता कागदावर प्रशस्त वाटतो. दोन्हीकडे दीड-दीड मीटर पदपथ वजा केला की ६ मीटर उरतात. दोन्ही कडांना गाड्या उभ्या राहिल्या की प्रत्येक बाजूचे २ मीटर गेले. उरले २ मीटर. अग्निशमन गाडीच सुमारे अडीच मीटर रुंद असते. हे गणित मी प्रत्येक वस्तीत टेप लावून केलं, कारण माहितीपुस्तिकेतली रुंदी प्लॉटच्या हद्दीपासून हद्दीपर्यंतची असते आणि डांबर त्याहून बरंच कमी असतं. उजेडाचंही तसंच. बारा मजले म्हणजे ३६ मीटर. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली ३६ मीटर पडते, ३० अंशांवर असताना ६२. समोरची इमारत सूर्याच्या बाजूला येणार असेल तर हिवाळ्यातली उन्हं गेलीच म्हणून समजा.

नियोजन कार्यालयात जाऊन विकास आराखड्याचा त्या भागापुरता उतारा घ्यायचा आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. शेजारच्या प्लॉटचा झोन कोणता? निर्देशांक किती, आणि पैसे भरून जादा मिळतो का? उंचीवर मर्यादा आहे का? प्रस्तावित रस्त्याची रेघ कुठून जाते? रस्ता रुंद होणार ही बातमी एजंट पेढे वाटावेत तशी सांगतो. पण बऱ्याच शहरांत परवानगीची उंची आणि निर्देशांक रस्त्याच्या रुंदीवर ठरतात, म्हणजे रस्त्याबरोबर आजूबाजूचे मजलेही वाढतात. बागेचं आरक्षण दिसलं तरी जमीन पालिकेच्या ताब्यात आली आहे का ते बघायचं; खासगी मालकाकडे असलेलं आरक्षण उठू शकतं. गोल्फचं मैदानही कुणाच्या तरी मालकीचंच असतं. लोक दफनभूमीशेजारचं घर नाक मुरडून नाकारतात, मला मात्र वाढत्या शहरातली सगळ्यात भरवशाची मोकळी जागा तीच वाटते.

आवाजाच्या बाबतीत अंतरावर फार विसंबू नये. सतत वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो आणि कानाला तो फरक कळतो न कळतो. आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते. म्हणजे महामार्गापासून २५ मीटरऐवजी ५० मीटरवरचं घर घेऊन विशेष काही साधत नाही. मध्ये दुसऱ्या इमारतींची रांग असणं कितीतरी जास्त उपयोगी. वरच्या मजल्यावर शांत असतं हाही समज तपासून घ्यावा, कारण वर गेल्यावर आडोसाच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने २०१८ मध्ये रस्त्याच्या आवाजासाठी रात्रीची ४५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. फोनवरचं मापक काही डेसिबल इकडेतिकडे दाखवतं, तरी एकाच फोनने दोन ठिकाणांची तुलना करायला ते पुरतं. रात्री अकराला आणि पहाटे पाचला मोजायचं. पहाटेच्या फेरीत नाकही वापरून घ्यायचं: वारा पडलेला आणि हवा थंड असताना कचरा डेपोचा आणि नाल्याचा वास जमिनीलगत अडकून राहतो, दुपारी त्याचा मागमूस नसतो.

रात्री साडेआठला इमारतीचा एक दर्शनी भाग समोर ठेवून उजेड असलेल्या खिडक्या मोजल्या. कामाच्या दिवशी त्या वेळी निम्म्याहून जास्त घरं अंधारात असतील तर बरीचशी गुंतवणुकीसाठी घेऊन ठेवलेली आहेत. मालक लांब राहतो, मेंटेनन्स थकतो, बैठकीला कुणी येत नाही. वाण्याचं दुकान तग धरत नाही, संध्याकाळी खाली मुलं दिसत नाहीत.

नळाच्या पाण्यासाठी बादली आणि घड्याळ पुरतं. सकाळी सात-आठच्या गर्दीच्या वेळी सगळ्यात वरच्या मजल्यावर दहा लिटरची बादली मिनिटभरात भरली तर दाब ठीक आहे. टाकीपासून नळापर्यंत १० मीटर उतार म्हणजे साधारण १ बार दाब, त्यामुळे टाकीलगतच्या मजल्यावर वेगळा पंप आहे का ते विचारायचं. नसेल तर रोज शॉवरखाली कळेल. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर चव चांगली, १,००० च्या वर गेले तर पाणी पिववत नाही. आणि पाणी येतं कुठून? पालिकेच्या जोडणीतून, बोअरमधून की टँकरने? हे बिलं बघूनच ठरवावं.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र दाखवायला व्यवस्थापक सहसा का कू करतात. तरी बघायचं. सांडपाण्यात पंपाने हवा सोडतात त्या टाकीतलं एक लिटर पाणी काचेच्या उभ्या भांड्यात अर्धा तास ठेवलं की तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसायला हवं. गाळ काळा असेल आणि सडक्या अंड्यांचा वास येत असेल, तर वीज वाचवायला हवेचे पंप बंद ठेवतात असं समजावं. दर्शनी कारंजी सुरू आणि मागे पंप बंद, हे आलिशान प्रकल्पांत दिसतं.

मालकीची कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्यावीत, त्यात स्वतःचं डोकं चालवू नये. सोसायटीची कागदपत्रं मात्र स्वतः वाचावीत: तीन वर्षांचे हिशेब, वार्षिक सभांची इतिवृत्तं, थकबाकीची यादी. इतिवृत्तांत एकच गळती दरवर्षी ‘पुढील सभेत चर्चा’ म्हणून येत असेल तर ती कायमची आहे. आतले रस्ते आणि दिवे विकासकाकडून रीतसर ताब्यात आले आहेत का, हे विचारायचं. नसतील तर खड्डा बुजवायला जबाबदार कुणीच नसतं. लिफ्ट वीस-पंचवीस वर्षं टिकते, त्यामुळे इमारतीचं वय आणि राखीव निधीतली रक्कम शेजारी शेजारी लिहून बघावी.

शेवटी दोन वस्त्या उरल्या. एक नवी कोरी, चकचकीत फाटकाची, तीन बाजूंना जादा निर्देशांकाचे मोकळे प्लॉट असलेली. दुसरी बावीस वर्षांची, आजूबाजूचं सगळं बांधून झालेलं, मोजून साडेबारा मीटर डांबर, चढाच्या बाजूला आधीच भरलेली वस्ती आणि तरीही कोरडी राहिलेली विजेची खोली. मी दुसरी घेतली. तिथली लिफ्ट बदलायला आली आहे आणि राखीव निधी त्याला पुरणारा नाही. त्यातला आपल्या घराचा वाटा काढून तेवढी रक्कम मी सौद्यातच वळती करून मागितली, आणि हिशेब कागदावर मांडलेला असल्यामुळे विकणाऱ्याने फारशी घासाघीस केली नाही.