विड्या वळणाऱ्या बायकांसाठी हिशेबाचं कार्ड : सोलापुरातला आमचा अनुभव

पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना कारखान्यातून मिळणाऱ्या तेंदूपानाचा आणि छाटाचा, म्हणजे तपासणीत नापास ठरलेल्या विड्यांचा, हिशेब स्वतःकडे ठेवता यावा, म्हणून आम्ही हे कार्ड केलं. 1966 च्या विडी-सिगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानलं, पण घरातला खर्च कुणाच्या वहीत येत नाही.

'अडचण काय?' असं विचारलं की 'मजुरी कमी' एवढंच उत्तर येतं. खरंच आहे ते, पण त्यावरून कार्डावर काय छापायचं ते कळत नाही. म्हणून विचारायचं, 'काल पान आणलंत तिथपासून आज माल देऊन येईपर्यंत सगळं सांगा.' मग पान भिजवणं, फर्मा (मापाचा साचा) ठेवून कात्रीने कापणं, वळणं, दोरा बांधणं, तपासणीत छाट निघणं हे ओघाने येतं. आणि त्यातच निघतं की पान खराब आलं तर पदरचं विकत आणून हजार विड्या पुऱ्या कराव्या लागतात. आमच्या मते सगळ्या कामाचा गाभा हाच.

बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. दुभाषा म्हणून घरातलं पोर बसवू नये, त्याच्यासमोर पैशाचं बोलणं मोकळं होत नाही. तेलुगू येणारी बाई सोबत असावी, आधी संमती घ्यावी, कार्डावर नाव नको.

नमुना हाताने, साध्या कागदावर काढावा. वळताना मांडीवर सूप आणि बोटांना तंबाखू, तेव्हा पेन धरता येत नाही. नोंद माल देऊन आल्यावरच होते. म्हणून दिवसाला एकच ओळ आणि चार रकाने : पान पुरलं की कमी पडलं, पदरच्या पानाचे रुपये, दिलेल्या विड्या, छाट. पान ग्रॅममध्ये मागितलं की रकाना कोराच राहतो, घरात काटा कुठला? छाट विड्या परत मिळाल्या की कारखान्यातच राहिल्या, यासाठी एक चौकोन पुरतो.

महिनाअखेर पदरच्या पानाचे रुपये दिलेल्या विड्यांच्या हजारांनी भागायचे. समजा 20 हजार विड्या आणि 600 रुपयांचं पान, तर दर हजारी 30 रुपये मजुरीतून गेले. एकटीचं कार्ड तक्रार ठरतं. एका गल्लीतल्या सगळ्या कार्डांवर त्याच आठवड्यात 'कमी पडलं' दिसलं, तर पानाच्या प्रतीबद्दल बोलता येतं. त्यासाठी सगळ्यांची कार्डं एकाच सोमवारी सुरू करावीत.